२१४७४८३६४७ मूळ संख्या आहे, हा निव्वळ योगायोग का?

रात्रपाळी

गणितवाल्या मंडळींना एक प्रश्न विचारायचा आहे. आधी पार्श्वभूमी सांगतो.

परवा रात्री पावणेतीनला फोन आला. एका जुन्या प्रणालीतल्या टेबलात नव्या नोंदी जाणं अचानक बंद झालं होतं. लॉग उघडला तर ओळीमागून ओळ एकच आकडा: २१४७४८३६४७. आयडीचा रकाना ३२ बिटचा होता. वर्षानुवर्षं कुणी तिकडे बघितलं नव्हतं आणि त्या रात्री तो काठोकाठ भरला. रकाना मोठा केला, पहाटे सहाला सुटलो.

घरी आल्यावर झोप काही येईना. चाळा म्हणून तो आकडा अवयव पाडणाऱ्या प्रोग्राममध्ये टाकला. अवयवच नाहीत! मूळ संख्या. मग शेजारचे दोन टाकले:

२१४७४८३६४६ = २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१
२१४७४८३६४८ = २ चा ३१ वेळा गुणाकार

एकाच्या अंगावर अवयवांची गर्दी, दुसरा नुसता दोनांनी भरलेला, आणि मधला हा एकटा सोवळ्यात. इंजिनियर लोकांनी सोयीसाठी ठरवलेली मर्यादा नेमकी मूळ संख्येवर यावी, याला काही कारण आहे की उगाच?

अर्धविराम

सोवळ्यातला आहे खरा, पण रात्री पावणेतीनला उठवून बसवतो म्हणजे जरा अतीच झालं.

शेषफळ

रात्रपाळी, अर्धं कारण आहे आणि अर्धा योगायोग. शाळेत शिकवायचो तसं सांगतो, कंटाळा आला तर पुढचा प्रतिसाद वाचा.

३२ बिट म्हणजे ० किंवा १ मावेल असे ३२ खण. त्यांपैकी एक खण अधिक-उणे चिन्हासाठी जातो, उरले ३१. त्या सगळ्यांत १ भरला की सर्वांत मोठी संख्या तयार होते, म्हणजे २^३१ − १. द्विमान पद्धतीत लिहिली तर ओळीनं ३१ एक्के, दुसरं काही नाही. अशा नुसत्या एक्क्यांच्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात, १७ व्या शतकातल्या मॅरँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूवरून.

आता एक्क्यांचे सारखे गट पाडून बघा. १५ एक्के घेतले, की तीन-तीनचे पाच गट होतात: १११ १११ १११ १११ १११. १११ म्हणजे ७, त्यामुळे अख्ख्या संख्येला ७ ने भाग जाणारच. पाच-पाचचे तीन गट पाडले तर प्रत्येक गट ३१ चा, म्हणजे ३१ नेही भाग जाणार. खरंच, २^१५ − १ = ३२७६७ = ७ × ३१ × १५१. ही तुमची १६ बिटची मर्यादा.

३१ एक्क्यांचे मात्र सारखे गट पडत नाहीत, कारण ३१ स्वतः मूळ आहे. म्हणजे अवयव पडायचा सोपा रस्ता बंद. तुमच्या प्रश्नातलं ‘कारण’ एवढंच.

निळी शाई

म्हणजे घातांक मूळ असला की संख्या मूळ, असं ना सर?

शेषफळ

नाही हो, इथेच सगळे घसरतात. उलटं खरं आहे: संख्या मूळ हवी असेल तर घातांक मूळ असावाच लागतो. पण तेवढ्यानं भागत नाही. ११ एक्के घ्या. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. गट पडत नसतानाही फुटली. २३ आणि २९ एक्क्यांच्याही फुटतात.

योगायोग तो इथे. ८ बिटला १२७ मूळ, १६ बिटला नाही, ३२ बिटला मूळ, ६४ बिटला घातांक ६३ असल्यामुळे नाही, आणि १२८ बिटला घातांक १२७, ती पुन्हा मूळ. ती ३९ अंकी आहे आणि १८७६ मध्ये एदुआर लुकास यांनी ती मूळ असल्याचं दाखवलं, अर्थातच संगणकाशिवाय.

कोरा कागद

जरा कडू बोलतो, राग मानू नका. प्रोग्रामनं डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगितलं की मूळ आहे. संपला विषय. यात गणित ते काय? ४६३४० पर्यंतच्या संख्यांनी भागत बसायचं, कुणी भागलं नाही की मूळ.

शेषफळ

कडू काही नाही, प्रश्न योग्य आहे. वर्गमूळ ४६३४० च्या जरा पुढे येतं, हेही बरोबर. पण तेवढ्या टप्प्यात मूळ संख्याच साधारण पावणेपाच हजार आहेत. प्रत्येकीनं एक दहा अंकी संख्या भागायची, तीही हातानं, आणि एकही चूक न करता.

पिएत्रो कातालदी नावाच्या इटालियन गणितज्ञानं १५८८ मध्ये घातांक १७ आणि १९ साठी हे खरोखर करून दाखवलं. मग त्यानं २३, २९, ३१ आणि ३७ साठीही संख्या मूळ आहेत असं ठोकून दिलं. चारांपैकी फक्त ३१ बरोबर निघाला. फर्मा या फ्रेंच गणितज्ञानं १६४० मध्ये २३ आणि ३७ मोडीत काढले, ऑयलर या स्विस गणितज्ञानं पुढे २९.

३१ चा निकालही ऑयलरनंच लावला, १७७२ मध्ये. तेव्हा त्याची दृष्टी जवळपास गेलेली होती. पण पावणेपाच हजार भागाकार त्यानं केले नाहीत. आधी विचारलं, की या संख्येला भागणारा कुणी असलाच तर तो दिसेल कसा?

समजा क ही मूळ संख्या २^३१ − १ ला भागते. म्हणजे २^३१ ला क ने भागलं की बाकी १. २ च्या घातांच्या बाक्या काढत गेलं की दर ३१ पायऱ्यांनी चक्र पूर्ण होतं, आणि ३१ मूळ असल्यामुळे त्याआधी होऊ शकत नाही. फर्माच्या नियमानं हे चक्र क − १ मध्ये पूर्ण वेळा बसायला हवं. म्हणून क − १ हा ३१ च्या पटीत, आणि क विषम असल्यामुळे ६२ च्या पटीत.

दुसरी अट याहून देखणी आहे. २^३१ ची बाकी १, तर २^३२ ची बाकी २. पण २^३२ म्हणजे २^१६ चा वर्ग. म्हणजे क च्या जगात, क ने भागून उरणाऱ्या बाक्याच तेवढ्या बघितल्या तर, २ हा कुणाचा तरी वर्ग आहे. हे तेव्हाच घडतं, जेव्हा क ला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ येते.

दोन्ही अटी एकत्र केल्या की क हा २४८ च्या पटीपेक्षा १ ने किंवा ६३ ने जास्त असावा लागतो. ४६३४० पर्यंत अशा संख्या पावणेचारशेच्या आसपास. त्यातल्याही बहुतेक उघड संयुक्त: ६३, २४९, ४९७, ५५९... त्या सोडल्या की भागून बघावी अशी पहिली मूळ संख्या ३११. त्यानंतरची थेट १३०३! मधल्या सगळ्यांना दारातूनच परत पाठवलं.

निळी शाई

सर, ३११ चं मी कागदावर करून पाहिलं, आणि दहा अंकी भागाकार न करता! दोनाच्या घातांच्या बाक्या घेत गेले:

२^१० = १०२४, ३११ ने भागून बाकी ९१.
२^२० साठी ९१ चा वर्ग, ८२८१, बाकी १९५.
२^३० साठी १९५ × ९१ = १७७४५, बाकी १८.
२^३१ साठी १८ ची दुप्पट, ३६.

म्हणजे २^३१ − १ ची बाकी ३५. शून्य नाही, म्हणून ३११ बाद. चार ओळींत झालं. भागायची संख्या एकदाही पूर्ण लिहावी लागली नाही, हे मला फार आवडलं.

कोरा कागद

मान्य, हे छान आहे. पण ‘छान आहे’ आणि ‘उपयोगाचं आहे’ यात फरक असतो.

शेषफळ

तुमच्याच पंथातले एक जण पूर्वी होऊन गेले. पीटर बार्लो, इंग्रज गणितज्ञ. या मूळ संख्येपासून २^३० × (२^३१ − १) ही परिपूर्ण संख्या मिळते: २३०५८४३००८१३९९५२१२८. परिपूर्ण म्हणजे स्वतःला सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज स्वतःइतकीच, जसं ६ = १ + २ + ३. बार्लोंनी १८११ मध्ये लिहून ठेवलं, की याहून मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कधी सापडणारच नाही, कारण या संख्या नुसत्या कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, मग शोधायची तसदी घेणार कोण?

तसदी घेणारे निघाले. रशियात पेरवुशिन यांनी १८८३ मध्ये २^६१ − १ मूळ असल्याचं दाखवलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली २^१३६२७९८४१ − १ तर ४,१०,२४,३२० अंकी आहे.

अर्धविराम

उपयोग नाही म्हणूनच लोक हात धुऊन मागे लागतात. माझा जुना अनुभव आहे.

फासा

कोरा कागद, उपयोगाचं मी सांगतो. हा आकडा माझ्या रोजच्या ओळखीचा आहे, पण सीमेवरचा म्हणून नाही.

यदृच्छ वाटणारे आकडे तयार करायची एक जुनी, साधी रीत आहे. कुठलाही आकडा घ्या, १६८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागा आणि बाकी ठेवा. ती बाकी पुढच्या फेरीत घाला. १ पासून सुरुवात केली तर १६८०७, मग २८२४७५२४९, आणि तिसऱ्याच फेरीला आकडे इकडेतिकडे उड्या मारू लागतात. १९६९ पासून ही रीत वापरात आहे. १९८८ मध्ये पार्क आणि मिलर या दोघांनी ती ‘किमान दर्जा’ म्हणून सुचवली आणि मग ती सगळीकडे पसरली.

हा आकडा मूळ असण्याचा फायदा असा, की गुणक नीट निवडला तर साखळी १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतच्या प्रत्येक संख्येला बरोबर एकदा शिवून मगच सुरुवातीला परत येते. एकही सुटत नाही, एकही दोनदा येत नाही. भाजक संयुक्त असता तर हे जमलं नसतं.

‘नीट निवडला’ म्हणजे कसा, ते धाग्याच्या पहिल्याच पोस्टमध्ये आहे. रात्रपाळींनी एक खालच्या संख्येचे अवयव दिलेत ना: २, ३, ७, ११, ३१, १५१, ३३१. ७ चे घात घेत गेलं की पूर्ण फेरी होते, हे या अवयवांवरून तपासता येतं. नुसता ७ फार लहान पडतो, आकडे हळूहळू चढताना दिसतात. म्हणून त्याचा पाचवा घात घेतला, ७^५ = १६८०७. पाचवाच का चालला? त्या अवयवांच्या यादीत ५ नाही म्हणून. तिसरा घात घेतला असता तर फेरी तिसऱ्या हिश्श्यावरच मिटली असती.

तुम्ही लिहिलेला प्रोग्राम बरोबर आहे का, हे बघायची खूणही ठरलेली आहे. १ पासून सुरू करून दहा हजार फेऱ्या झाल्या की १०४३६१८०६५ यायला हवा. दुसरं काही आलं तर चूक तुमची.

रात्रपाळी

थांबा, थांबा. आत्ता वर स्क्रोल करताना दिसलं. सरांनी १६ बिटच्या मर्यादेचे अवयव दिलेत: ७ × ३१ × १५१. आणि माझ्या २१४७४८३६४६ च्या अवयवांत ७, ३१, १५१ तिन्ही हजर! हा पण योगायोग म्हणू नका आता.

निळी शाई

नाही, याला सरळ कारण आहे. २१४७४८३६४६ म्हणजे २^३१ − २. त्यातून २ बाहेर काढला की उरतं २^३० − १. ते दोन वर्गांच्या वजाबाकीसारखं उघडतं: (२^१५ − १) × (२^१५ + १). म्हणजे

२१४७४८३६४६ = २ × ३२७६७ × ३२७६९

१६ बिटची मर्यादा जशीच्या तशी आत बसली आहे. आणि ३२७६९ = ३ × ३ × ११ × ३३१, उरलेले अवयव तिथून आले. फासा यांची साखळी फिरते, ती या जुन्या मर्यादेच्या अवयवांवर!

आता मला राहवेना म्हणून दुप्पट अधिक एकही करून पाहिलं. तुमचा रकाना चिन्हाविना असता तर मर्यादा २^३२ − १ = ४२९४९६७२९५ आली असती. तिचे अवयव: ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. प्रत्येक अवयव २ च्या कुठल्यातरी घातापेक्षा एकने मोठा, आणि ते घातांकही १, २, ४, ८, १६. हे काय आहे सर?

शेषफळ

शाब्बास. या पाचही फर्माच्या मूळ संख्या आहेत, आणि आजवर माहीत असलेल्या फर्मा मूळ संख्या एवढ्याच. फर्माला वाटलं होतं की पुढची, २^३२ + १, हीदेखील मूळ असणार. ऑयलरनं १७३२ मध्ये ती ६४१ × ६७००४१७ अशी फोडली. म्हणजे ३२ बिटच्या वेशीवर एका बाजूला फर्माचा अंदाज पडला आणि चाळीस वर्षांनी, दुसऱ्या बाजूला, त्याच ऑयलरच्या हातून आपली संख्या मूळ ठरली.

आणखी एक. फक्त पट्टी आणि कंपास घेऊन काढता येतात अशा, बाजूंची संख्या विषम असलेल्या ज्ञात सुसम बहुभुजांत सर्वांत मोठा ४२९४९६७२९५ बाजूंचा आहे. काढायला बसू नका.

अर्धविराम

पट्टी सापडली. कंपास शोधतोय.

कोरा कागद

साखळीचं पटलं. मग बँका आणि संदेश गुप्त ठेवणारे लोक मूळ संख्या वापरतात म्हणतात, तिथेही हाच असतो का?

फासा

अजिबात नाही, आणि वरची साखळीही तिथे वापरू नका! एक आकडा कळला की पुढचे सगळे कळतात. सिम्युलेशनला ठीक, गुपितासाठी नाही.

आरएसए या गुप्तलेखनाच्या पद्धतीत लागतात त्या मूळ संख्या शेकडो अंकी असतात आणि गुपचूप निवडलेल्या. मर्सेन मूळ संख्या जगजाहीर, आजवर सापडलेल्या अवघ्या ५२. अशा यादीतून गुप्त किल्ली उचलणं म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली तिथेच खिळ्याला टांगणं.

मात्र जिथे मूळ संख्या गुप्त नसली तरी चालते, तिथे यांना मागणी आहे. पी-५२१ नावाच्या वक्रावर आधारित गुप्तलेखनात २^५२१ − १ वापरतात. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा पूर्णांकांचा हॅश, म्हणजे पटकन शोधता यावं म्हणून लावायचा खुणेचा आकडा, काढताना ६४ बिटच्या यंत्रावर २^६१ − १ ने भागून बाकी घेतं, आणि ३२ बिटच्या यंत्रावर आपल्या या २१४७४८३६४७ ने. कारण एकच: यांनी भागायला भागाकार लागत नाही.

रात्रपाळी

भागाकाराशिवाय भागायचं?

फासा

हो. २^३१ ची बाकी १ आहे ना. म्हणजे द्विमान पद्धतीत खालचे ३१ बिट बाजूला काढायचे, वरचे जे उरतील ते उचलून खालच्यांत मिळवायचे. बाकी तयार. क्वचित एकदा वजाबाकी करावी लागते. लहानात बघा: १९४ ला ३१ ने भागायचं आहे. १९४ = ११०००१०. नाही, चुकलं, ११००००१०. खालचे पाच बिट ०००१०, म्हणजे २. वर उरले ११०, म्हणजे ६. बेरीज ८. आणि १९४ = ६ × ३१ + ८. आपण दशमान पद्धतीत ९ ची बाकी अंकांच्या बेरजेनं काढतो, तीच युक्ती.

अर्धविराम

माझ्या डोक्यात एक किडा वळवळतोय. ३१ हा स्वतः २^५ − १ आहे. म्हणजे आपली संख्या एक्क्यांतून निघालेल्या एक्क्यांची. मग आणखी एक मजला चढवू: घातांकाच्या जागी हीच संख्या. २^२१४७४८३६४७ − १. सांगा, मोडला ना ४ कोटींचा विक्रम?

शेषफळ

या दुमजली मर्सेन संख्या. २, ३, ५, ७ वर उभारलेल्या अनुक्रमे ७, १२७, आपली २१४७४८३६४७ आणि २^१२७ − १. चारही मूळ! पाहून वाटतं की हे असंच चालणार. पण पुढे १३, १७ आणि १९ वरचे मजले कोसळले, आणि तुम्ही म्हणता तो ३१ वरचाही. त्या संख्येत ६४ कोटींहून जास्त अंक आहेत, लिहून काढायचं नाव नको. पण तिला भागणारी एक १५ अंकी संख्या माहीत आहे: २९५२५७५२६६२६०३१.

ऑयलरची अट इथेही लागू होते की नाही, बघा: ती बरोबर १३७४९० × २१४७४८३६४७ + १ आहे, आणि ८ ने भागून बाकी ७.

६१ वर उभारलेली मूळ आहे की संयुक्त, हे आजही कुणाला माहीत नाही.

अर्धविराम

६४ कोटी अंकांचा डोलारा १५ अंकांनी पाडला. घ्या, माझा विक्रम गेला.

रात्रपाळी

सर, एक शंका. ऑयलरची चाळणी ३१ साठी ठीक. पण लुकासनं ३९ अंकी संख्या हातानं कशी केली असेल? तिथे पावणेचारशेनं भागणार नाही.

शेषफळ

तिथे भाजक शोधतच नाहीत. रीत लुकासची, १९३० मध्ये लेमर यांनी ती घासूनपुसून आजच्या रूपात आणली.

४ पासून सुरू करा. वर्ग करा, २ वजा करा, मर्सेन संख्येनं भागून बाकी ठेवा. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा हे करा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाही आलं तर संयुक्त. ३१ साठी घातांक ५, म्हणजे तीन पायऱ्या: ४ वरून १४, मग १९४ ची बाकी ८ (फासा यांनी वर काढलीच आहे), मग ६४ − २ = ६२, बाकी शून्य. १२७ साठी पाच पायऱ्या: १४, ६७, ४२, १११, ०. आणि फुटणाऱ्या २०४७ साठी नऊ पायऱ्यांनंतर १७३६ उरतात. म्हणजे संयुक्त आहे हे कळलं, पण २३ आणि ८९ चा मागमूसही नाही. ही रीत निकाल देते, पुरावा दाखवत नाही.

हे का चालतं? थोडक्यात सांगतो, यात मला स्वतःला गोडी आहे. या साखळीतली प्रत्येक संख्या म्हणजे (२ + √३) आणि (२ − √३) यांच्या घातांची बेरीज, आणि दर पायरीला घातांक दुप्पट होतो. या दोघांचा गुणाकार १ असल्यामुळे वर्ग करून २ वजा केले की नेमकी पुढची बेरीज मिळते. आपल्या संख्येसाठी २९ व्या पायरीला शून्य आलं, याचा अर्थ (२ + √३) चा २^३० वा घात −१ होतो, आणि २^३१ वा घात पहिल्यांदा १. म्हणजे चक्राची लांबी बरोबर २^३१.

आता समजा आपली संख्या फुटत असती. तिला वर्गमूळाच्या आतला एखादा मूळ विभाजक क असता. क च्या बाक्या आणि √३ मिळून जे जग बनतं, त्यात शून्य सोडून फार तर क^२ − १ घटक, म्हणजे २^३१ − २ हून जास्त नाहीत. तिथे २^३१ लांबीचं चक्र मावणार कसं? मावत नाही, म्हणून क नाही.

तुमच्या पहिल्या पोस्टमधला तो दुसरा शेजारी, नुसत्या दोनांनी भरलेला, तो इथे कामी येतो. एक खालच्या शेजाऱ्याच्या अवयवांवर फासा यांची साखळी चालते, एक वरच्यावर ही.

कोरा कागद

क आणि √३ चं दोनदा वाचावं लागलं, पण पोचलं. धाग्याला माझ्याकडून कडूपणा मागे.

रात्रपाळी

आज सुट्टी होती, लुकास-लेमर स्वतः लिहिलं. कबुली देतो: पहिल्या फेरीत शून्य आलंच नाही. शेवटी भलताच उणे आकडा. संख्या संयुक्त आहे असा शोध लागला म्हणून दोन मिनिटं छाती फुगली.

मग प्रत्येक पायरी छापून पाहिली. ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४. इथवर सगळं बरोबर. पुढच्या पायरीला १४१६३१७९५४ चा वर्ग, आणि मी चल ठेवला होता ३२ बिटचा. परवा रात्री ज्या खड्ड्यातून बाहेर आलो, त्याच खड्ड्यात स्वतःच्या हातानं परत उडी.

अर्धविराम

लॉग वाचायला आम्हाला बोलवा रात्री पावणेतीनला.

रात्रपाळी

हसा. ६४ बिटचा केला, बाकीसाठी फासा यांची खालचे-वरचे बिट मिळवायची युक्ती वापरली. मग पाचवी पायरी ६६९६७०८३८ आली आणि गाडी रुळावर. मधले आकडे नुसता गोंधळ, कुठे काही संगती नाही: २१ वा ७२१९२९२६७, २२ वा एकदम २७२२०५९४, २७ वा १२२१४९०६३०.

आणि २८ वा ६५५३६. मला वाटलं पुन्हा काहीतरी सांडलं.

निळी शाई

सांडलं नाही! ६५५३६ म्हणजे २^१६. त्याचा वर्ग २^३२, त्यातून २ वजा केले की ४२९४९६७२९४.

रात्रपाळी

हो, कागदावर मांडल्यावर दिसलं. बरोबर दोनदा २१४७४८३६४७. २९ वी पायरी शून्य.